बियास कुंडाचा एक मुक्काम: सह्याद्रीतल्या कोणत्या सवयी मनालीत सोडाव्यात

प्रश्न थोडक्यात असा: तिघं जण, सह्याद्रीत सहा-सात वर्षं भटकलेले, अलंग-मदन-कुलंगसारखे अवघड किल्ले झालेले. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मनालीला जाणार आहेत आणि बियास कुंडाला, म्हणजे मनालीच्या वरच्या, बियास नदीच्या उगमाच्या तळ्याला, स्वतःचा तंबू, स्वतःचा स्वयंपाक असा एक मुक्काम करायचा आहे. जमेल का, काय न्यायचं, आणि लोकांचं चुकतं कुठे?

जमेल. सॅक पाठीवर घेऊन अलंगची वाट चढलेल्याला इथली चाल जड जाणार नाही. चुकतं ते सवयींमुळे. सह्याद्रीत घामाने चिंब टीशर्ट अंगावरच वाळतो, रात्री देवळात चादर पांघरून झोप लागते, टाक्याचं पाणी फडक्याने गाळलं की चालतं आणि ज्याच्यात दम आहे तो पुढे पळतो. या चारही गोष्टी 3,300 मीटरवर अंगाशी येतात.

आधी वाट. मनालीहून सोलंगमार्गे धुंदीपर्यंत गाडी जाते. अटल बोगद्याचं दक्षिण तोंड जवळच आहे, त्यामुळे ऑक्टोबर 2020 मध्ये बोगदा सुरू झाल्यापासून या रस्त्यावर वर्दळ असते. धुंदीची उंची सुमारे 2,850 मीटर. तिथून नदीच्या काठाकाठाने, मग विरळ झाडीतून आणि कुरणांतून पाच-सहा किलोमीटर चाललं की बकरथाच येतं, सुमारे 3,300 मीटर. थाच म्हणजे मेंढपाळांचं कुरण. सॅक घेऊन तीन ते चार तास धरा. मुक्काम इथेच. कुंड त्याच्या वर, 3,700 मीटरच्या आसपास, आणि तिथपर्यंतची वाट म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या धोंड्यांचा पसारा, ज्याला सगळे मोरेन म्हणतात. चढायला तीन तास, उतरायला दोन. समोर हनुमान टिब्बा, फ्रेंडशिप आणि शितीधर ही शिखरं. कुंडाच्या काठाशी तंबू लावायचा मोह होतो, पण तो टाळा. सपाट जागा जवळजवळ नाही, आजूबाजूच्या उतारांवरची गार हवा रात्री खाली येऊन खळग्यातच साचते, आणि ते स्थानिकांचं तीर्थ आहे.

चढण्याआधीचे तीन दिवस

कळसूबाई 1,646 मीटर आहे. म्हणजे 2,050 मीटरवरच्या मनालीच्या बसस्टँडवर तुम्ही उतरता, तेव्हाच महाराष्ट्रातल्या सर्वोच्च जागेपेक्षा चारशे मीटर वर असता. बकरथाचला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला रात्री लागतात. दिवसा किती चढलात यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलात याला महत्त्व आहे. नियम असा की 3,000 मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. मनालीत सकाळी उतरून दुसऱ्या दिवशी बकरथाचला झोपणं म्हणजे एका रात्रीत साडेबाराशे मीटरची उडी. ती बऱ्याच जणांना पचते, पण तिघांतल्या एकाला नाही पचली तरी ट्रेक तिघांचाही संपतो.

म्हणून दोन रात्री मनालीत काढा. त्यातली पहिली रातराणीच्या बसच्या थकव्यातच जाते. दुसऱ्या दिवशी बोगद्यातून सिस्सूला, सुमारे 3,100 मीटरवर जाऊन तीन-चार तास हळूहळू फिरा आणि परत मनालीत झोपा. तिसरी रात्र सोलंगला किंवा त्याहून बरं म्हणजे धुंदीजवळ स्वतःच्या तंबूत काढा. धुंदीहून बकरथाच साडेचारशे मीटर वर आहे, म्हणजे नियमात बसतं. शिवाय तंबू, स्टोव्ह आणि स्लीपिंग बॅग यांची रंगीत तालीम गाडीरस्त्याजवळ होते. काही बिघडलं तर मनालीच्या दुकानात परत जाता येतं.

ॲसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, प्रतिबंधासाठी साधारण 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर जपून, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. वर सांगितल्याप्रमाणे रात्री काढल्यात तर बहुतेकांना ती लागत नाही. दारूला मात्र या तीन रात्री सुट्टी.

सगळ्यात ताकदवान मेंबरवर लक्ष ठेवा. विरळ हवेचा त्रास व्यायामाची सवय पाहून होत नाही. उलट असा माणूस वेगात चढतो, डोकं दुखायला लागलं तरी बोलत नाही आणि संध्याकाळी जेवणाकडे पाहवत नाही म्हणतो. बोलताना धाप लागणार नाही इतक्याच वेगाने तिघांनी चालायचं, आणि पुढे सगळ्यात हळू चालणारा.

हवामान

हिमाचलातून मान्सून साधारण सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात परततो. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे हवा स्वच्छ, नाल्यांना पाणी कमी, भूर्जाची पानं पिवळी. या दिवसांत बकरथाचला रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो, कधी दोन-चार अंश खालीही. हे साधं गणित झालं. बिघडतं ते परतीचा मान्सून आणि पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची वादळी हवा, एकत्र आले की. 22 ते 24 सप्टेंबर 2018 ला कुलूत मुसळधार पाऊस आणि लाहौल-स्पितीत अवेळी बर्फ पडला, तो नेमका याच आठवड्यात. कितीतरी लोक ठिकठिकाणी अडकले.

म्हणून हवामान खात्याचा कुलू जिल्ह्याचा इशारा निघण्याच्या सकाळी पुन्हा पाहायचा. नारंगी किंवा लाल इशारा असेल तर मनालीत बसायचं, आणि त्यासाठी परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवायचा. तो नसला की माणूस ढगांकडे पाहूनही निघतो. मुक्कामी रात्री बर्फ पडलाच, अगदी चार बोटं, तर सकाळी कुंडाचा विचार सोडून सरळ खाली उतरा. मोरेनवर धोंड्यांमधल्या फटी त्या बर्फाखाली झाकल्या जातात आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. घोट्याचं हाड मोडायला तेवढं पुरतं.

अंगावर काय, सॅकमध्ये काय

थंडीपेक्षा ओल वाईट. सुती टीशर्ट, सुती मोजे आणि जीन्स घरी ठेवा. सुती कापड घाम धरून ठेवतं, आणि थांबल्यावर वारा लागला की पाच मिनिटांत हुडहुडी भरते. अंगाला लागून पॉलिएस्टर किंवा मेरिनो लोकरीचा टीशर्ट, त्यावर फ्लीस, वर पाणी न शिरणारं जॅकेट. जाड डाऊन (पिसांचं) किंवा सिंथेटिक जॅकेट फक्त थांबल्यावर घालायचं. चालायला निघताना किंचित थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर आहेत. निघतानाच उबदार वाटत असेल तर पंधरा मिनिटांत घाम येणार.

रात्रीसाठी एक कोरडा जोड वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत: थर्मल वर-खाली, लोकरीचे मोजे, कानटोपी. काही झालं तरी तो चालताना घालायचा नाही. सकाळी ओले मोजे पुन्हा पायात घालणं नकोसं होतं, तरी तेच घाला.

पोंचोवर विसंबू नका, वाऱ्यात तो डोळ्यांवर येतो आणि मोरेनवर पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. सॅकच्या रेनकव्हरखाली पाठीकडून पाणी शिरतंच, म्हणून सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी कचऱ्याची पिशवी घाला आणि सगळं सामान तिच्यात. कॅनव्हासचे हंटर बूट सह्याद्रीच्या चिखलात उत्तम, पण इथे धोंड्यांची टोकं तळव्यांना लागतात. घोट्याच्या वर येणारे, कडक तळव्याचे, महिनाभर आधी वापरून मऊ केलेले बूट हवेत.

स्लीपिंग बॅगच्या लेबलवर तीन तापमानं असतात. कंफर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. दुकानदार बहुतेक वेळा सगळ्यात खालचा आकडा सांगतो. एक्स्ट्रीम म्हणजे त्या तापमानाला माणूस जेमतेम जगेल एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही कंफर्ट पाहा, तो शून्य ते उणे पाच असावा. भाड्याने घेताना बॅग उघडून उजेडात धरा, चेन शेवटपर्यंत लावून पाहा आणि रुई किंवा पिसं एका कोपऱ्यात गोळा झालेली नाहीत ना ते चाचपा. कॅरीमॅट एकच नेली तर पाठ गारठते, कारण अंगाखाली दबलेली बॅग ऊब धरत नाही. बंद पेशींची फोम मॅट आणि तिच्यावर हवेची, असं जोडीने वापरा.

तिघांत एक तंबू, बाहेरचं कव्हर जमिनीपर्यंत येणारं. सगळं धरून माणशी ओझं 11-12 किलोंच्या आत बसवा. जड वस्तू पाठीला लागून मध्यावर, कमरेचा पट्टा आधी आवळायचा, खांद्याचे मग.

गॅस

इथे बरेच जण फसतात. पोर्टेबल शेगडीत आडवी बसणारी लांब नळकांडी स्वस्त आणि सगळीकडे मिळतात. त्यात मुख्यतः साधा ब्यूटेन असतो, आणि तो शून्याच्या जेमतेम अर्धा अंश खालीच वायू व्हायचा थांबतो. म्हणजे थंडीत सकाळी चहाच्या वेळी नळकांडं हलवलं तर आत द्रव डुचमळतो, पण ज्योत येत नाही. आयसोब्यूटेन उणे बारा अंशांपर्यंत आणि प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत वायू देतो. म्हणून स्क्रूने बसणारा, आयसोब्यूटेन-प्रोपेन मिश्रणाचा डबा घ्या. विमानात कोणताही गॅस चालत नाही, काडेपेटी-लायटरही नाही, तेव्हा ते मनालीतच घ्यावं लागतं. पॉवर बँक मात्र चेक-इन सामानात नको, हातातल्या बॅगेतच.

230 ग्रॅमच्या डब्यात वारा अडवला तर दहा-बारा लिटर पाणी उकळतं. तिघांना रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता, चहा आणि बाटल्यांसाठी गरम पाणी मिळून सात-आठ लिटर लागतं. एक डबा पुरतो, दुसरा जोडीला ठेवा. रात्री डबा स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घ्या. तरी सकाळी ज्योत मंद वाटली तर ताटलीत कोमट पाणी घेऊन डबा त्यात उभा करा. कढत पाण्यात मात्र नको. स्टोव्हभोवती सगळीकडून वाराअडवणी बांधली तर डबा तापतो, म्हणून एक बाजू उघडी हवी. तंबूच्या आत स्टोव्ह पेटवायचा नाही, ऊब यावी म्हणून तर कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

खाणं

3,300 मीटरवर पाणी सुमारे 89 अंशांना उकळतं. तूरडाळ तिथे तासभर शिजवली तरी दाताखाली येते आणि गॅस संपतो. खिचडीचा हट्ट सोडा. घरून उपम्याचं कोरडं मिश्रण न्या: 250 ग्रॅम रवा खमंग भाजून, तेलात मोहरी, जिरं, उडीदडाळ, कढीपत्ता, सुक्या मिरच्यांची फोडणी करून त्यात घाला, मीठ-साखर मिसळा आणि पूर्ण गार झाल्यावरच पिशवी बंद करा. गरम असताना बंद केली तर आत वाफ धरते आणि दोन दिवसांत वास येतो. तिथे 900 मिलिलिटर उकळतं पाणी, पाच मिनिटं झाकण, तिघांचं जेवण. त्यात मूठभर दाणे आणि चमचाभर तूप. सकाळी शेवया किंवा दुधाच्या पावडरीतले पोहे. वाटेत दशम्या, गूळ-शेंगदाणे, चिक्की. चिक्की खिशात ठेवा, सॅकच्या तळाशी गेलेली कोणी काढून खात नाही. उंचीवर भूक मरते, म्हणून दर तासाला दोन घास नियमाने.

पाणी

बर्फाचं पाणी स्वच्छ असतं हा समज बकरथाचला खरा ठरत नाही. उन्हाळाभर तिथे गद्दी मेंढपाळांच्या शेळ्या-मेंढ्या चरलेल्या असतात. पाणी उकळून घ्या, किंवा क्लोरीनच्या गोळ्या. थंड पाण्यात गोळी हळू काम करते, अर्ध्या तासाऐवजी तासभर थांबा. मुख्य प्रवाहाचं पाणी हिमनदीच्या पिठासारख्या गाळामुळे दुधाळ दिसतं. भांड्यात रात्रभर ठेवून वरचं निथळून घ्या, नाहीतर फिल्टर चोंदतो. पोकळ धाग्यांचा फिल्टर एकदा गोठला की कायमचा निकामी, आणि वरून ते कळत नाही. म्हणून तोही रात्री स्लीपिंग बॅगमध्ये. बाटली रात्री उलटी ठेवा, बर्फ धरला तरी बुडाकडे धरतो आणि तोंड मोकळं राहतं.

मुक्काम

तीन वाजेपर्यंत तंबू उभा हवा. सूर्यास्त सव्वासहाच्या सुमाराला असला तरी ऊन त्याच्या बरंच आधी डोंगराआड जातं आणि तापमान लगेच पडतं. नाल्याच्या अगदी काठावर किंवा कुरणाच्या सगळ्यात खोलगट भागात तंबू नको. काठापासून साठ-सत्तर पावलं दूर, किंचित उंचावर. वरच्या उतारावरून ताजे धोंडे आलेले दिसतात का पाहा: ज्यांवर शेवाळाचे डाग नाहीत आणि कडा धारदार आहेत, ते अलीकडे पडलेले. तंबूची हवेची खिडकी थंडी वाजली तरी उघडी ठेवा. बंद केली तर तिघांच्या श्वासाची वाफ कापडाला धरते आणि पहाटे थेंब-थेंब बॅगेवर पडते.

झोपण्याआधी उकळतं पाणी घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून, मोजा चढवून बॅगेत घ्या. लघवीचा कंटाळा करू नका, ती धरून झोप येत नाही. शौचासाठी पाण्यापासून शंभर पावलं दूर, वीतभर खोल खड्डा. कागद परत आणायचा. मेंढपाळांचे कळप जवळ असतील तर कुत्र्यांपासून लांब राहा, ते राखणीचे असतात. आधी लांबून हाक द्या.

सकाळ

साडेसहाला निघा. कुंडावर साडेनऊ. काही झालं तरी अकरा वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचं, म्हणजे तंबू आवरून उजेडात धुंदीला पोचता. लवकर निघण्याचं आणखी एक कारण म्हणजे दिवसा बर्फ वितळून प्रवाह दुपारी फुगतात, सकाळी सगळ्यात कमी असतात. पण सकाळचा तोटाही आहे. रात्री शिंतोडे उडून प्रवाहातल्या दगडांवर काचेसारखा बर्फाचा पातळ थर धरतो. ओला दगड आणि हा दगड दिसायला सारखेच. काठीचं टोक टेकवून ओढा: टोक घसरत टिकटिक वाजलं तर बर्फ आहे. अशा वेळी दगडांवरून उड्या मारण्यापेक्षा उथळ पात्रातून, सॅंडल घालून चाललेलं बरं. सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला आणि काठीसह तीन आधारांतले दोन कायम टेकलेले. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडू नका.

मोरेनवर दगडांच्या रचलेल्या खुणा दिसतात, पण कोणीही रचलेल्या असतात. दोन खुणा दोन दिशांना गेल्या तर मातीत बुटांचे ठसे जिकडे जास्त तिकडे जा. एकाच्या बरोबर खाली दुसऱ्याने चालायचं नाही. धुकं आलं आणि पुढची खूण दिसेना तर थांबा, अर्धा तास वाट पाहा, नाही उघडलं तर आलेल्या वाटेने परत. त्यासाठी जाताना फोनवर ऑफलाइन नकाशात वाट नोंदवत जा. नेटवर्क गृहीत धरू नका. तंबू खालीच राहणार, पण जाड जॅकेट, पावसाचं जॅकेट, हेडटॉर्च, औषधं, लिटरभर पाणी आणि खाऊ एका सॅकमध्ये बरोबर हवंच.

कुंडात डुबकी मारू नका. थंड पाण्यात शिरल्या क्षणी श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. तीर्थ म्हणून ओंजळ डोक्यावर घेतली की पुरे.

बिघडलं तर

डोकेदुखी आणि त्यासोबत मळमळ, चक्कर किंवा विलक्षण थकवा म्हणजे उंचीचा त्रास, असं धरून चालायचं. पॅरासिटामॉल, पाणी, विश्रांती आणि वर एक पाऊलही नाही. सकाळपर्यंत ओसरलं नाही तर खाली. सरळ रेषेत टाचेला बोटं लावत दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला, बोलणं असंबद्ध झालं, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येत असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हेडटॉर्च लावून धुंदीकडे उतरायचं. एकट्याला पाठवायचं नाही, त्याची सॅक दुसऱ्याने घ्यायची. फोन लागला की 112.

गारठ्याची पहिली खूण हाताच्या बोटांत दिसते. माणसाला जॅकेटचं बटण लावता येत नाही, शब्द अडखळतात, तो चिडतो. ओले कपडे उतरवा, कोरडे चढवा, बॅगेत घाला, शुद्धीत असेल तर गोड गरम पाणी. हातपाय चोळू नका.

काही कामं निघण्याआधीची. ट्रेकिंगच्या हंगामाअखेरीस प्रशासन काही वाटांवर बंधनं घालतं, तेव्हा वनखातं आणि पोलिसांकडे सध्याची स्थिती विचारून नावं नोंदवा. अलेऊला अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था आहे, त्यांचे प्रशिक्षणवर्ग बकरथाचला चालतात, वाटेची ताजी माहिती तिथे मिळू शकते. वाट पहिल्यांदाच करत असाल तर स्थानिक गाईड घ्या, त्यात कमीपणा नाही. गाडीवाल्याला दुसऱ्या दिवशी धुंदीला किती वाजता यायचं आणि तुम्ही किती वाजेपर्यंत न आल्यास कोणाला कळवायचं, हे कागदावर लिहून द्या. तिघांपैकी कोणी अमेरिकेहून येत असेल तर तिथलं सॅटेलाइट मेसेंजर यंत्र आणू नका, भारतात परवान्याशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे आणि विमानतळावरच अडकायला होतं.

उतरल्यावर ओला तंबू तसाच गुंडाळून मुंबईपर्यंत आणू नका. दोन दिवसांत कापडावर काळे ठिपके धरतात आणि ते जात नाहीत. हॉटेलच्या गच्चीवर तासभर पसरा. उरलेला गॅसचा डबा विमानात जाणार नाही, तो गाईडला किंवा दुकानात देऊन टाका.